विमानातली सीट-निवड: सभासद कार्डाचा खरा उपयोग किती? नाशिकच्या ओझर विमानतळावरून आणि मुंबईहून उडणाऱ्यांसाठी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले दोन सहकारी एकाच विमानाने निघतात. दोघांकडे एकाच विमान कंपनीचं, एकाच टियरचं (सभासदत्वाच्या पायरीचं) कार्ड. एकाला पुढच्या रांगा मोफत दिसतात, दुसऱ्याला त्याच सीटवर किंमत नाहीतर फुली. ॲप बिघडलंय असं वाटतं, पण बहुतेक वेळा ॲप ठीक असतं.

स्क्रीनवरचा सीटचा नकाशा त्या पीएनआरपुरता (बुकिंगच्या क्रमांकापुरता), त्या क्षणी तयार होतो. यंत्रणा तीन गोष्टी तपासते: तिकीट कोणत्या भाड्याचं आहे, बुकिंगमध्ये सभासद क्रमांक आहे का आणि त्याचा टियर कोणता, आणि विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी उडवणार आहे. यातली एक जरी बदलली तरी नकाशा बदलतो. फुली म्हणजे सीट विकली गेली असंही समजू नका. पाळण्याची सोय असलेली भिंतीलगतची सीट, व्हीलचेअरच्या प्रवाशांसाठीची सीट, वरच्या टियरसाठी राखलेल्या रांगा, विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या हातात ठेवलेल्या काही सीट, या सगळ्यांवर फुलीच दिसते. यातल्या बऱ्याच चेक-इन सुरू झाल्यावर मोकळ्या होतात. देशांतर्गत प्रवासात वेब चेक-इन साधारण ४८ तास आधी उघडतं, तेव्हा पुन्हा एकदा नकाशा बघणं फुकट आहे आणि फायद्याचंही.

सर्वाधिक घोळ नावाचा होतो, आणि तो आपल्याकडे जास्त होतो. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, सभासद खात्यात मात्र नुसतं नाव-आडनाव. नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या एजंटने तिकिटावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव टाकलं की खातं आणि तिकीट जुळत नाही, क्रमांक गळतो आणि तुम्ही यंत्रणेच्या लेखी साधे प्रवासी ठरता. एजंटकडे तिकीट काढायला हरकत नाही, पण तिकीट हातात आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा आणि प्रत्येक टप्प्यासमोर सभासद क्रमांक दिसतो का ते बघा. जोड प्रवासात पहिल्या टप्प्याला क्रमांक लागलेला आणि दुसऱ्याला नाही, हे नेहमीचं आहे. क्रमांक टाकून, बाहेर पडून, नकाशा पुन्हा उघडावा लागतो. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे एकदाच दुरुस्त करून घेतलं तर ही कटकट कायमची सुटते.

कोडशेअर हे दुसरं दुखणं. तिकिटावर एका कंपनीचा उड्डाण क्रमांक, विमान उडवणारी कंपनी दुसरी. अशा वेळी दोन्हीकडे वेगवेगळे पीएनआर असतात. तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या पानावर सीट निवडताच येत नाही, किंवा निवडलेली पुढे पोचत नाही. उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि सीट तिथेच ठरवा.

आता कार्डाच्या किमतीबद्दल. पिंपळगाव, निफाडकडचे द्राक्ष निर्यातदार दर फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकाला जातात, त्यातले बरेच मुंबईहून. एअर इंडिया आणि लुफ्तान्सा ज्यात आहेत त्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाची गोल्ड पायरी एअर इंडियाच्या कार्डावर मिळाली की लुफ्तान्सावरही सीट मोफत मिळेल, अशी समजूत असते. स्टार गोल्डमध्ये लाउंज, जादा सामान, आधी चेक-इन आणि आधी चढणं येतं. सीट-निवड त्या यादीत नाही, ती प्रत्येक कंपनीची आपली मर्जी. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात उलट: सगळ्यात खालच्या रूबी पायरीलाच पसंतीच्या किंवा आगाऊ राखलेल्या सीटचा हक्क लिहिलेला आहे. तरी त्यातही वेळेचा फरक राहतोच. याच गटातल्या ब्रिटिश एअरवेजवर ब्राँझ (म्हणजे रूबीच्या बरोबरीच्या) सभासदाला मोफत निवड प्रवासाच्या ७ दिवस आधी उघडते, सिल्व्हरला बुकिंग करतानाच. तोपर्यंत खिडक्या गेलेल्या असतात. युनायटेडवरही पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट सिल्व्हरला चेक-इनला, गोल्डला बुकिंगलाच. नऊ-दहा तासांच्या प्रवासात ही एक पायरी खरोखर मोलाची आहे, आणि सीटसाठी टियर गाठायचा तर तो अशा प्रवासांसाठीच गाठावा.

ओझरच्या प्रवासांसाठी मात्र आमचं मत वेगळं आहे. इंडिगोचा ब्लूचिप कार्यक्रम २०२४ मध्ये आला, पायऱ्या ब्लू ३, ब्लू २, ब्लू १. पण इथून जेव्हा एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान लागतं, तेव्हा सीटसाठी धडपडायचं कारणच उरत नाही: दोन-दोनच्या रांगा, मधली सीट नाही. प्रवासी दार मागे असल्यामुळे मागच्या रांगा आधी उतरतात, म्हणजे ‘पुढची सीट’ म्हणून पैसे देणं इथे उलटंच. पंख्याच्या रेषेतल्या रांगांत आवाज जास्त, मागे कमी. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं मोकळं दिसतं. डोक्यावरचे कप्पे लहान, चाकांची बॅग शिडीपाशीच काढून घेतली जाऊ शकते. औषधं आणि लॅपटॉप वेगळ्या पिशवीत ठेवा.

ए३२० हे मोठं जेट विमान असेल तर हिशोब बदलतो. तीन-तीनच्या रांगा, ए आणि एफ खिडकी, बी आणि ई मधल्या. पंखावरच्या आपत्कालीन दाराच्या रांगांत पाय मोकळे राहतात, पण त्यातल्या पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, म्हणून पैसे द्यायचेच तर मागच्या रांगेला द्या. टियर कितीही वरचा असला तरी लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा दार उघडायला मदत न करू शकणारे प्रवासी तिथे बसू शकत नाहीत. गेटवर उठवलं जातं.

कुटुंबाच्या बाबतीत एक चूक महाग पडते. मोफत निवडीचा लाभ सोबत्यांना मिळतो तिथे तो एकाच पीएनआरवरच्यांनाच मिळतो. स्वस्त भाड्यासाठी आई-बाबांचं तिकीट वेगळं काढलं की कार्डाचा त्यांना काहीच उपयोग नाही. १२ वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी एकाशेजारी बसवावं, असा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक नियामकाचा) आदेश एप्रिल २०२४ पासून आहे. म्हणून फक्त मुलाजवळ बसण्यासाठी सीटचे पैसे भरायची घाई करू नका, पण पीएनआर एकच ठेवा.

आणि विमान बदललं तर? ए३२० च्या जागी एटीआर आलं की कितीतरी सीट क्रमांक अस्तित्वातच राहत नाहीत आणि यंत्रणा नवीन जागा आपोआप वाटते. वेळ बदलल्याचा संदेश आला की लगेच बुकिंग उघडून सीट तपासा. पैसे भरलेली सीट गेली असेल तर पावती आणि जुन्या सीट क्रमांकाचा स्क्रीनशॉट जोडून परतावा मागा.