चौथ्या काट्यावर मायदेश: सेको (Seiko) 5 स्पोर्ट्‌स जीएमटी

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाच्या डोक्यात एक गणित कायम चालू असतं: तिकडे आत्ता किती वाजले असतील? 2022 साली आलेलं हे ऑटोमॅटिक ‘जीएमटी’, म्हणजे दोन ठिकाणची वेळ दाखवणारं घड्याळ ते गणित चौथ्या काट्यावर सोपवतं. हा काटा दिवसात एकच फेरी मारतो, त्यामुळे तिकडे दुपारचे दोन आहेत की रात्रीचे, तेही कळतं. फोनमध्येही दोन शहरं लावता येतात, पण फोन उघडला तरच ती दिसतात. इथे प्रत्येक वेळी इथली वेळ बघताना तिकडची मध्यरात्र नजरेत येते. हे सगळ्यांनाच झेपेल असं नाही.

आतलं 4आर34 यंत्र ‘कॉलर’ (caller) जातीचं, म्हणजे यात चौथा काटा वेगळा सरकवता येतो; ‘फ्लायर’ (flyer) जातीत इथला तासकाटा वेगळा सरकतो. चावी पहिल्या टप्प्यावर ओढून एका बाजूला फिरवली की तारीख बदलते, दुसऱ्या बाजूला फिरवली की चौथा काटा एकेक तास सरकतो. ‘प्रवाशांना फ्लायर, एका जागी राहणाऱ्यांना कॉलर’ हा शौकिनांचा ठोकताळा मात्र स्थलांतरितांना लागू पडत नाही. राहत्या देशात उन्हाळी वेळ असेल आणि मायदेशी नसेल, तर वर्षातून दोनदा अंतर बदलतं. मुख्य काटे तासभर हलवले की चौथाही सोबत हलतो. तो जागेवर आणायचा तर सरकतो एकाच दिशेने. म्हणजे एका मोसमात एक टिचकी, दुसऱ्यात तेवीस! फ्लायरमध्ये फक्त इथला तासकाटा हलवला की झालं.

खरी गोची भारताच्या अर्ध्या तासाची. काटा पूर्ण तासाने सरकतो. म्हणून तो अर्धा तास मागे लावायचा आणि तबकडीभोवतीचं चोवीस तासांचं कडं डावीकडे अर्धं घर, म्हणजे साडेसात अंश फिरवायचं. कडं टिचक्यांशिवाय फिरतं म्हणूनच हे जमतं. पण बाहीला घासून तेच सरकलं, तर तिकडची वेळ गुपचूप चुकते.

तारीख फक्त इथली दिसते. तिकडचे वाढदिवस पुन्हा डोक्यातच मोजायचे. 42.5 मिमी व्यास बारीक मनगटाला मोठा वाटेल, हार्डलेक्स काचेवर नीलम काचेपेक्षा लवकर चरे पडतात. काढून ठेवलं तर साधारण 41 तासांत थांबतं आणि दोन्ही देश नव्याने लावावे लागतात: आधी मुख्य काटे, मग चौथा. उलट क्रमाने गेलात तर चौथा पुन्हा लावायचा.