पुठ्ठ्याचं अंतराळ घरी आणायचं तर: ‘स्टार ट्रेक’ की ‘लॉस्ट इन स्पेस’?

डिस्कच्या एकाच संचापुरते पैसे बाजूला काढले असतील आणि ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका घ्यावी की ‘लॉस्ट इन स्पेस’ असा घोळ असेल, तर आधी घरात ती बघणार कोण ते ठरवा. जेवणं आटोपल्यावर तुम्ही एकटेच बघणार असाल तर ‘स्टार ट्रेक’, आणि ब्लू-रेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं गोळा होणार असतील तर ‘लॉस्ट इन स्पेस’. माझं मत इतकं सरळ आहे. पण ‘स्टार ट्रेक’ बाजारात तीन वेगवेगळ्या रूपांत मिळते, तिन्हींच्या खोक्यांवर नाव एकच असतं, आणि नको ते रूप घरी आलं तर पैसे पाण्यात. म्हणून पुढचा पसारा.

दोन्ही अंतराळातल्या साहसांच्या मालिका, अमेरिकेच्या आणि जवळपास एकाच वेळच्या. ‘लॉस्ट इन स्पेस’ १५ सप्टेंबर १९६५ ला सीबीएस वाहिनीवर सुरू झाली, तीन सीझन आणि ८३ भाग चालली. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर आली. तिचेही सीझन तीनच, भाग ७९. दोन्हींत खडक हलके, राक्षस रबरी आणि अभिनय असा की गावच्या जत्रेत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावा. मजा त्यातच आहे. ज्यांना हे बघून कसंनुसं होतं त्यांनी दोन्हींचा नाद सोडावा, स्वच्छ चित्राने त्यांचं काही भलं होणार नाही.

या दोन्ही मालिका ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाल्या, आणि आज ब्लू-रेचा विचार करण्यात अर्थ आहे तो यामुळे. मूळ फिल्ममध्ये त्या काळच्या टीव्हीवर कधीच दिसला नाही इतका तपशील साठलेला असतो. ती नव्याने स्कॅन केली की तो बाहेर येतो. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या जुन्या मालिकांना ही सोय नाही. टेपवर जेवढ्या रेघा आहेत तेवढ्याच, वर कितीही रंगरंगोटी करा. त्यामुळे टेपवरच्या मालिकेसाठी डीव्हीडी पुरते, फिल्मवरच्या मालिकेसाठी ब्लू-रेचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

आता ‘स्टार ट्रेक’ची तीन रूपं.

पहिलं २००४ मधले डीव्हीडी संच. पिवळ्या, निळ्या आणि लाल प्लास्टिकच्या डब्यांतले, सीझनला एक रंग. यात सगळं जुनं जसंच्या तसं आहे. अंतराळजहाजाचं मॉडेल, त्याच्याभोवतीची पुसट किनार, एकच दृश्य चार भागांत फिरवून वापरलेलं, सगळं. २००६ मध्ये मालिकेला चाळीस वर्षं झाली तेव्हा मालकांनी अंतराळातली दृश्यं संगणकावर नव्याने बनवली. ही नवी दृश्यं घातलेल्या डीव्हीडी २००८ पासून आल्या, ते दुसरं रूप. यात माणसांचं चित्र आधीपेक्षा स्वच्छ आहे, पण जुनी जहाजं गायब. तिसरं रूप २००९ पासूनची ब्लू-रे. तिच्यात दोन्ही आहेत. एकाच डिस्कवर जुने इफेक्ट हवेत की नवे ते तुम्ही निवडायचं, आणि आवाजही जुना मोनो ठेवता येतो.

माझा कौल तिसऱ्याला आहे, आणि लावायचे जुने इफेक्ट. हे ऐकून लोक विचारतात, मग नवीन डिस्क घेतली कशाला? तर चित्रासाठी. स्वच्छ केलेलं जुनं आणि बदललेलं जुनं यांत फरक आहे. जहाजावरच्या मॅकॉय डॉक्टरांच्या हातातली शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे मुळात वेगळ्या घाटाच्या मीठदाण्या होत्या, ही गोष्ट ब्लू-रेवर डोळ्यांनी दिसते. माणसं विरघळून दुसऱ्या ग्रहावर उतरतात तो झगमगाट ॲल्युमिनियमची भुकटी प्रकाशात पाडून, तिचं चित्रण करून बनवला होता. ही युक्ती सुचली तीही पैसे वाचवायला, कारण दर आठवड्याला जहाज जमिनीवर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. मारामारीच्या दृश्यात जहाजाच्या कॅप्टन कर्कच्या जागी भलताच माणूस उड्या मारतोय हेही आता लपत नाही. जुन्या धूसर टीव्हीने ते सगळं झाकलं होतं. मला ते उघडं पडलेलं आवडतं.

नव्या इफेक्टची बाजूही ऐकून घ्या, कारण ती अगदीच लंगडी नाही. दुसऱ्या सीझनमधल्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागात ग्रह गिळत सुटलेलं एक प्रचंड यंत्र आहे. वाऱ्याची दिशा दाखवायची कापडी पिशवी सिमेंटमध्ये बुडवून ते बनवलं होतं असं सांगतात, आणि दिसतंही तसंच. नव्या आवृत्तीत हे यंत्र खरोखर धडकी भरवतं, कथेलाही त्याने जोर येतो. हा एक भाग मी नव्या इफेक्टसह बघा म्हणेन. पण पहिल्या सीझनच्या ‘अरीना’मध्ये काय केलंय बघा. त्यातला गॉर्न हा सरड्याच्या तोंडाचा, रबरी पोशाखातला प्राणी कर्कशी मारामारी करतो, तीही इतकी सावकाश की मध्येच उठून चहा टाकून यावा. नव्या आवृत्तीत त्याला पापण्या मिचकवायला लावलंय. पोशाख तोच, चाल तीच, फक्त डोळे मिचकतात. ना धड हसू येत, ना भीती वाटत.

यावर खान्देशातल्या माणसाला वेगळं समजवायला नको, कारण मालेगाव फार लांब नाही. जिल्हा नाशिक असला तरी बोलीने आणि येण्याजाण्याने ते आपलंच. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी आपल्या सिनेमातला सुपरमॅन उडवला तो हिरव्या कापडासमोर, आणि तिथल्या सिनेमावाल्यांनी कॅमेरा सायकलवर चालवला, बैलगाडीची क्रेन केली. उद्या कोणी तोच सुपरमॅन संगणकावर गुळगुळीत करून पुन्हा उडवला तर बघायला कोण जाईल? हाताने केलेली लबाडी दिसली पाहिजे. ती पुसली की उरते नुसती जुनी कथा, आणि ‘स्टार ट्रेक’च्या सगळ्याच कथा काही तिच्यावर टिकाव धरण्याइतक्या भक्कम नाहीत.

आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींसाठी एक मुद्दा स्वतंत्र आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची आणि अँटेना फिरवून ती बघणाऱ्यांत काळ्या-पांढऱ्या टीव्हीवाले पुष्कळ होते. त्यांनी ही मालिका अर्धीच पाहिली असं मी धरतो. एनबीसी ही तेव्हा रंगीत टीव्ही विकणाऱ्या आरसीएच्या मालकीची, त्यामुळे सदरे पिवळे, निळे, लाल, आणि आकाश कधी जांभळं तर कधी लालभडक. अनोळखी ग्रहावर उतरलेल्या तुकडीत लाल सदऱ्यातला, नाव कोणाला ठाऊक नसलेला गडी सगळ्यात आधी मरतो, हा या मालिकेवरचा जगप्रसिद्ध विनोद. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तो कळायची सोयच नव्हती. अशा आठवणीवर विसंबून ‘मी बघितलीय’ म्हणणाऱ्याने तरी रंगासाठी ब्लू-रे घ्यावी.

‘लॉस्ट इन स्पेस’चं उलटं आहे. तिचा पहिला सीझन मुळातच काळा-पांढरा, आणि मालिका म्हणून तोच सगळ्यात गंभीर. रॉबिन्सन कुटुंब १९९७ मध्ये अंतराळात निघतं, डॉक्टर स्मिथ नावाचा हेर जहाजात घातपात करतो आणि सगळे भरकटतात. गंमत अशी की कधीही प्रसारित न झालेल्या मूळ पायलट, म्हणजे नमुन्यादाखल आधी बनवलेल्या भागात ना स्मिथ आहे, ना यंत्रमानव. ज्या दोघांमुळे मालिका लोकांच्या ध्यानात राहिली ते दोघेही मागून घुसवलेले! स्मिथ झालेले जोनाथन हॅरिस शेवटपर्यंत नामावलीत ‘खास पाहुणे’च राहिले, पण पात्र त्यांनी हळूहळू खलनायकाचं विदूषक करून टाकलं आणि यंत्रमानवाला घालायच्या शिव्या स्वतः रचल्या.

दुसऱ्या सीझनपासून रंग आला आणि ताळतंत्र सुटलं. कारण उघड होतं. जानेवारी १९६६ पासून एबीसी वाहिनीवर बुधवारी त्याच वेळेला ‘बॅटमॅन’ लागू लागला होता, आणि तो भडकपणावरच चालत होता. मग इथेही समुद्री चाचे, वायकिंग, जादूगार, जे हाताला लागेल ते. हे अधःपतन म्हणणारे चाहते आहेत. मला ते घरात दहा माणसं असताना बघण्यासारखं वाटतं. तिसऱ्या सीझनमधला ‘द ग्रेट व्हेजिटेबल रिबेलियन’ तर हवाच. एका ग्रहावर झाडंपाला राज्य करतो, त्यांचा पुढारी चक्क गाजर आहे, फूल तोडलं की ते कळवळतं आणि शेवटी स्मिथचं सेलरीचं झाड होतं. आमच्या जळगाव जिल्ह्यात, जिथे भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि हिवाळ्यात शेताशेतात वांगी काड्यांवर भाजली जातात, तिथे हा भाग दाखवायचाच तर भरीत पार्टीच्या आदल्या दिवशी दाखवू नका. घरातली म्हातारी माणसं पडद्याकडे बघून ‘हाई काय शे रे भो?’ विचारतील, आणि नीट उत्तर कोणालाच देता येणार नाही. रॉबिन्सन कुटुंबातली आई झालेल्या जून लॉकहार्ट सांगत की त्यांना आणि वडील झालेल्या गाय विल्यम्स यांना हा भाग करताना हसू आवरेना. हे गाजर झालेले स्टॅन्ली ॲडम्स दोनच महिन्यांआधी ‘स्टार ट्रेक’च्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’मध्ये केसाळ गोळे विकत होते. दोन्ही संच घेणाऱ्याला ही जोडी एका बैठकीत लावता येईल.

हिची ब्लू-रे २०१५ मध्ये, पन्नास वर्षांनिमित्त आली. इफेक्टला कोणी हात लावलेला नाही, म्हणजे निवडीचा प्रश्नच नाही. तो पायलट भाग तीत आहे. मालिका १९६८ मध्ये शेवट न दाखवताच बंद पडली होती. रॉबिन्सनांचा लहान मुलगा विल झालेल्या बिल मुमी यांनी लिहिलेला शेवट जुन्या कलाकारांनी एकत्र बसून वाचून दाखवलाय, तोही आहे. पहिल्या सीझनसाठी ब्लू-रेचा फायदा सगळ्यात जास्त, कारण काळ्या-पांढऱ्या चित्रात सावल्या उठून दिसतात. फक्त दुसरा-तिसरा सीझन मुलांसाठी हवा असेल तर स्वस्तात मिळालेली डीव्हीडीही चालेल.

आता घरातल्या अडचणी. अमेरिकेहून कोणाकडून मागवणार असाल तर रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण, बघा. डीव्हीडीत अमेरिकेचा १, ब्रिटनचा २ आणि भारताचा ५. ब्लू-रेत अमेरिका ए, ब्रिटन बी, आपण सी. काही डिस्कवर हे बंधन नसतं, पण विकणाऱ्याला आधी विचारा, आणि प्लेअर कोणते कोड घेतो तेही. नव्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नसतो, त्यामुळे यूएसबीवर चालणारा ब्लू-रे ड्राइव्ह आणि सोबत सॉफ्टवेअर लागेल. डीव्हीडीचा साधा ड्राइव्ह ब्लू-रे वाचत नाही.

दोन्ही मालिकांचं चित्र चौकोनी, चार-तीनच्या प्रमाणातलं आहे. टीव्हीवर दोन्ही कडेला काळ्या पट्ट्या येतील. घरातलं कोणीतरी ‘पडदा भरत नाही’ म्हणून चित्र ताणायला जाईल, त्याच्या हातातून रिमोट काढून घ्या. ताणलं की कर्कचं पोट बेढब दिसतं. तिसऱ्या सीझनमध्ये ते तसंही थोडं सुटलेलंच आहे.

आवाजाचं म्हणाल तर, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलर लावल्याशिवाय बसता येत नाही आणि कूलर लावला की साठच्या दशकातला मोनो आवाज त्याखाली दबतो. इंग्रजी उपशीर्षकं लावून ठेवा, मराठीची आशा नको. ‘स्टार ट्रेक’ ऐकण्याची मालिका आहे, जहाजावरचा अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांची जुगलबंदी निसटली तर अर्धी मजा गेली. ‘लॉस्ट इन स्पेस’ कूलरच्या घरघरीतही समजते. डिस्क मात्र पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, पोलिकार्बोनेटला जळगावचा मे महिना सोसत नाही.

स्ट्रीमिंगवर भागून जाईल का? ‘स्टार ट्रेक’ तिथे सहसा नव्या इफेक्टचीच असते, आणि पुढच्या महिन्यात ती तिथे असेलच असंही नाही. चव बघायला ठीक.

मिलिंद सोमणच्या ‘कॅप्टन व्योम’ या आपल्याकडच्या अंतराळ-मालिकेसाठी जीव तुटणाऱ्यांना मी समजू शकतो. पण १९९८ ची ती आठवण वेगळ्या वयाची आहे आणि तिच्या जागी या दोन्हींपैकी काहीही बसणार नाही.

‘स्टार ट्रेक’ घेतलीत तर अनुक्रमाने बघत बसू नका. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ आधी, म्हणजे मालिका गंभीरपणे काय करू शकते ते कळेल. मग ‘अरीना’, मग ट्रिबल्स. तिसऱ्या सीझनला पैसे कमी झाले आणि वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली. त्याची सुरुवातच ‘स्पॉक्स ब्रेन’ने होते, ज्यात कोणीतरी स्पॉकचा मेंदू चोरून नेतं आणि मॅकॉय त्याचं उरलेलं शरीर हातातल्या यंत्राने चालवत हिंडतो. हा भाग एकट्याने बघू नका. कोणाला तरी बोलवा.