नेपल्समध्ये साधं हॉटेल: स्टेशनजवळ की जुन्या शहरात?
नेपल्सला स्वस्तातलं हॉटेल बघताय तर दोन एरिया समोर येतात, पियाझ्झा गारिबाल्दी म्हणजे स्टेशनसमोरचा भाग आणि दुसरं चेंत्रो स्तोरिको, जुनं शहर. स्टेशनजवळ सोय एक नंबर, एअरपोर्टची अलीबस तिथेच थांबते आणि पॉम्पेईची सर्कमव्हेसुव्हियाना ट्रेनही तिथूनच, साधारण पाऊण तासात पॉम्पेई. पण रात्री तो चौक मला काही आवडत नाही, गोंगाट फार आणि पाकीट सांभाळावं लागतं.

जुन्या शहरात खाली उतरलं की व्हिया देइ त्रिबुनालीवर पिझ्झाचा वास, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या गल्ल्या, संध्याकाळी नुसतं भटकलं तरी पैसे वसूल! फक्त आईबाबा सोबत असतील तर बुकिंगआधी लिफ्टचं नक्की विचारा, कारण तिथली बरीच छोटी हॉटेलं जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर असतात आणि दगडी रस्त्यावर बॅग ओढताना हात भरून येतात.

सिटी टॅक्स दोन्हीकडे माणशी वेगळा.

एकच रात्र आणि पहाटेची ट्रेन असेल तर स्टेशन घ्या. तीन रात्री असतील तर मी डोळे झाकून जुनं शहर घेईन, पॉम्पेईच्या दिवशी युनिव्हर्सिता स्टेशनवरून मेट्रो लाइन १ ने गारिबाल्दी दोनच स्टॉप आहे.