प्रोजेक्ट ऑयलर : आठ-नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

प्रोजेक्ट ऑयलर ही गणित आणि प्रोग्रामिंगच्या कोड्यांची वेबसाइट. याला खेळ म्हणावं का, यावर आमच्या घरात एकमत नाही. आवाज नाही, चित्रं नाहीत, घड्याळ नाही. पानावर एक प्रश्न, खाली उत्तराची चौकट आणि पडताळणीचे पाच आकडे, जे दर वेळी टाकायचा कंटाळा येतो. प्रोग्राम आपल्याच कॉम्प्युटरवर, हव्या त्या भाषेत लिहायचा आणि आलेला आकडा इथे आणून टाकायचा. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली. कुठे चुकलं, किती जवळ होतो, एक अक्षर सांगत नाहीत. सुरुवातीला याचा संताप यायचा. आता तीच गोष्ट सगळ्यात आवडते.

२००१ साली कॉलिन ह्यूज यांनी हे सुरू केलं. आज प्रश्न नऊशेच्या वर गेलेत, आणि सगळं फुकट. पहिला प्रश्न कुणालाही जमेल असा आहे: १००० पेक्षा लहान, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज करा. १० च्या आतलं उदाहरण तेच देतात: ३, ५, ६, ९, बेरीज २३. मी अकाउंट्समधला माणूस, त्यामुळे सुरुवात अर्थातच एक्सेलमध्ये केली. सोळाव्या प्रश्नाला एक्सेलने हात टेकले. २ चा हजारावा घात काढा आणि त्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज सांगा! ती संख्या ३०२ अंकी आहे, आणि एक्सेल १५ अंकांच्या पुढे नेमकं काही धरून ठेवत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तेच काम एका ओळीत होतं. पायथॉन शिकायला मला एवढं निमित्त पुरलं.

यांचा एक मिनिटाचा नियम आहे. प्रत्येक प्रश्न असा बेतलाय की पद्धत नीट असेल तर साध्या कॉम्प्युटरवरही उत्तर मिनिटाच्या आत यावं. तपासायला कुणी येत नाही. रात्रभर मशीन चालू ठेवून उत्तर काढलंत तरी हिरवी खूण मिळते, पण मग मजा गेली. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिने एकदा पंखा घरघरताना ऐकला आणि म्हणाली, "मामा, अजून चालूच आहे? मग बंद कर आणि वही घे."

त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे १८ आणि ६७ या प्रश्नांची जोडी. आकड्यांचा त्रिकोण असतो, वरून खाली उतरत जायचं, प्रत्येक पायरीला खालच्या दोन शेजाऱ्यांपैकी एक निवडायचा आणि बेरीज जास्तीत जास्त आणायची. १८ मध्ये १५ ओळी, म्हणजे १६,३८४ वाटा. सगळ्या तपासल्या तरी चालतं. ६७ मध्ये १०० ओळी आहेत आणि वाटा २ चा नव्व्याण्णवावा घात. तिथे जन्मभर मशीन चालवून उपयोग नाही. युक्ती अशी की उलटं, खालून वर यायचं. त्यांच्याच छोट्या उदाहरणात वरून ३, मग ७ ४, मग २ ४ ६ आणि तळाला ८ ५ ९ ३ आहे. तळाच्या जोड्यांतला मोठा आकडा वरच्यात मिळवला की तिसरी ओळ होते १०, १३, १५. तेच पुन्हा केलं की दुसरी ओळ २०, १९. टोकाला २३. झालं! हे कागदावर जमलं त्या रात्री झोप उशिरा लागली, आणि १०० ओळींचं उत्तर एंटर दाबताच समोर आलं.

बरोबर उत्तर टाकलं की इतरांनी तोच प्रश्न कसा सोडवला ते वाचायला मिळतं. मला हा भाग प्रश्नांइतकाच आवडतो. आपण चाळीस ओळी खर्चलेल्या असतात आणि कुणीतरी निव्वळ कागद-पेन्सिलीने काम उरकलेलं असतं.

३८७ व्या प्रश्नापाशी मात्र उगाच छाती फुगली. तो हर्षद संख्यांवर आहे, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्या. हे नाव आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी दिलेलं. २०१ घ्या: अंकांची बेरीज ३, भागाकार ६७. शेवटचा अंक काढला तर २०, तीही हर्षद. अजून एक काढला तर २, तीही. अशा साखळ्यांतून पुढे कोणत्या मूळ संख्या निघतात ते १ वर १४ शून्यं इतक्या मर्यादेपर्यंत शोधायचं. पद्धत सांगत नाही; पहिल्या शंभरापुढच्या प्रश्नांची उत्तरं जाहीर करू नका अशी त्यांची विनंती आहे.

तक्रारी आहेतच. शंभरच्या पुढे प्रोग्रामिंगपेक्षा गणितच जास्त लागतं, आणि अलीकडचे बरेच प्रश्न माझ्या आवाक्याबाहेर आहेत. इशारा, मदत, काही नाही. प्रोग्रामिंग अगदी शून्यापासून शिकायचं असेल तर आधी दुसरीकडे शिका आणि मग इथे या. मोबाइलवर प्रश्न वाचता येतो, पण तेवढंच.

गणिताचं नाव काढताच कपाळाला आठ्या पडत असतील तर डिसेंबरपर्यंत थांबा आणि एरिक वास्टल यांचं ॲडव्हेंट ऑफ कोड बघा. २०१५ पासून चालू आहे, गोष्टीत गुंफलेली कोडी असतात, आणि २०२५ पासून २५ ऐवजी १२ दिवसच असतं. फक्त नवं कोडं आपल्याकडे सकाळी साडेदहाला उघडतं, ऐन ऑफिसात. जुन्या वर्षांची कोडी मात्र कधीही सोडवता येतात.