केनियातल्या खेड्यात स्वच्छतेचं काम: गटाबरोबर पंधरवडा, की वर्षभर एकच गाव?

नैरोबीत नोकरीनिमित्त आलेली आपली मंडळी अधूनमधून विचारतात: पश्चिम केनियातल्या सियाया-किसुमूकडच्या एखाद्या खेड्यात सेवेला जायचंय, तर ऑगस्टातल्या गटाबरोबर पंधरवडाभर जावं, की एकच गाव धरून रजा मिळेल तसं जात राहावं? मी दोन्ही केलंय.

गटात राहण्या-जेवणाची, दुभाष्याची सोय असते आणि अंगमेहनतीचं काम झपाट्यानं उरकतं. शौचकूपाचा खड्डा खणायला, त्यावर सिमेंटची लादी ओतायला हात लागतातच. खेड्यात कधी न राहिलेल्यानं इथून सुरुवात केली तर त्यात गैर काही नाही. फक्त, ऑगस्टात तिकडच्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे मुलांना शिकवायचं मनात असेल तर वर्ग रिकामे.

माझा कौल ठरला तो टिपी-टॅपवरून, म्हणजे हात धुवायच्या साध्या घरगुती नळावरून. दोन मेढी, आडवी काठी, तिला टांगलेला पाच लिटरचा कॅन, पायानं दाबायला खाली दोरी बांधलेली दुसरी काठी. गट असे नळ भराभर उभे करतो आणि निघून जातो. फेब्रुवारीत त्याच गावात गेलो तर कॅन कोरडे! मोठा पाऊस मार्चपासूनचा. त्याआधी बायका वीस लिटरचा पिवळा कॅन डोक्यावर घेऊन लांबून पाणी आणतात, आणि ते आधी चुलीकडे जातं. दोरीला टांगलेला साबण कोंबड्या टोचतात, नाहीतर कुणीतरी घरी नेतं. ऑगस्टात यातलं काही दिसत नाही, कारण तेव्हा कॅन पाहुणेच भरत असतात.

दुसऱ्या वाटेनं जाताना मी गावच्या आरोग्यसेविकेबरोबर फिरलो. अशा एकेकीकडे साधारण शंभर घरं असतात. 2023 मध्ये सरकारनं देशभरातल्या लाखभर सेवक-सेविकांना साहित्याच्या पेट्या दिल्या, मानधनही ठरवलं. कुठल्या घरात पोराला जुलाब लागलेत, पाणी कोण भरतं, हे तिला ठाऊक. तिच्या सल्ल्यानं कॅनचं भोक बारीक केलं आणि साबणाच्या वडीऐवजी बाटलीभर पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर घातली. ती बाटली कुणी पळवत नाही.

उघड्यावर शौचाला जाणं थांबावं म्हणून कमल कर या विकास-सल्लागारांनी 2000 साली बांगलादेशात सुरू केलेली पद्धत केनियातही वापरतात: गावकऱ्यांनी स्वतः हागणदारीतून फेरी मारायची आणि पुढचं आपणच ठरवायचं. सोबत अनोळखी पाहुणा असला की माणसं ओशाळतात, असं मला तरी जाणवलं. इथल्या लुओ लोकांत मयताला सारं गाव जमतं. कुणाच्या मातीला जाऊन बसलात की पुढच्या खेपेला शौचकूपाचा विषय काढणं सोपं जातं. हे पंधरवड्यात कसं जमणार?

अर्थात या वाटेनं काम संथ चालतं, रात्रभराचा बसप्रवास अंगावर येतो आणि धोलुओ, म्हणजे लुओंची भाषा, थोडीतरी शिकावी लागते. ज्यांना खरोखर एकदाच जमणार आहे, त्यांनी गटाबरोबरच जावं. पण शक्यतो फेब्रुवारीत. शाळा चालू असतात, आणि नळाचे कॅन कोण भरतं ते तेव्हाच कळतं.