मशिनचा भाग कुठे करून घ्यावा: जवळच्या लेथवर की घाटावरच्या सीएनसीवर?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात मासळी प्रक्रिया, बर्फ कारखाना, आंब्याचा पल्प अथवा काजू यांपैकी कोणताही उद्योग चालवणाऱ्याला अधूनमधून एखादा शाफ्ट (फिरता दांडा), बुश (दांड्याभोवतीची नळी) किंवा कपलिंग (दोन दांडे जोडणारा भाग) नव्याने करून घ्यावे लागते. अशा वेळी मिरजोळे, खेर्डी किंवा कुडाळ येथील औद्योगिक वसाहतीतले जवळचे लेथ वर्कशॉप हा एक पर्याय असतो आणि घाट चढून कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या) युनिटकडे काम पाठवणे हा दुसरा. बहुतेक जण दोन्हीकडून कोटेशन मागवून कमी आकडा निवडतात. माझ्या मते भागावरील कोणती मापे खरोखर काटेकोर हवीत हे आधी कागदावर आणल्याशिवाय या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे वेगळ्याच कामाचा दर दिलेला असतो.

पंपाचा ३०० मिमी लांबीचा शाफ्ट घेऊ. त्यावर ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग बसणार असेल, तर त्या बेअरिंगचा आतला व्यास २५ मिमी असतो आणि के६ फिटसाठी (बेअरिंग घट्ट बसण्याच्या एका ठरलेल्या मुभेसाठी) शाफ्टची ती जागा २५.००२ ते २५.०१५ मिमी यांच्या दरम्यान यावी लागते, म्हणजे मुभा फक्त १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऑइल सीलच्या (तेल गळू न देणाऱ्या कडीच्या) जागेचे गणित उलटे आहे. तिथे व्यास ०.१३ मिमीपर्यंत कमी भरला तरी चालतो, पण पृष्ठभाग मात्र अतिशय गुळगुळीत आणि चरे नसलेला लागतो, नाहीतर सीलचा ओठ लवकर झिजतो. एकूण लांबीला आयएसओ २७६८ या सर्वसाधारण मुभांच्या मानकातील मध्यम श्रेणीप्रमाणे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. असे असताना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘सर्व मापे ±०.०१’ असे लिहून दिले, तर गरज नसलेल्या जागांचेही ग्राइंडिंग (घासून अचूक माप आणणे) आणि तपासणी होते व त्याचे पैसे आपणच भरतो. आतल्या कोपऱ्यांना त्रिज्या न देता काटकोन मागितला, तरी असाच अकारण खर्च वाढतो, कारण फिरत्या कटरने तसा कोपरा निघत नाही आणि ते काम वायरकटसारख्या (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या) वेगळ्या प्रक्रियेकडे जाते.

जवळच्या वर्कशॉपची खरी ताकद अशी की तिथे जुना भाग, नवे बेअरिंग आणि टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) एकाच टेबलाशी येतात. अनुभवी टर्नर झिजेच्या खुणा पाहून शाफ्ट वाकला होता की बेअरिंग सैल बसले होते हे सांगू शकतो, आणि हे ज्ञान कोणत्याही कोटेशनमध्ये मिळत नाही. एखाददुसरा नग आणि तातडीची गरज असेल, तर मी निःसंकोच इथेच जाण्याचा सल्ला देईन. मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: बेअरिंगच्या जागेसाठी सिलिंड्रिकल (गोल दांड्याच्या) ग्राइंडिंगची सोय आहे का, आणि माप व्हर्निअरने घेणार की त्याहून सूक्ष्म मोजणाऱ्या मायक्रोमीटरने. तसेच जुन्या भागावरून माप उचलताना झिजलेल्या जागेचे माप घेतले, तर ती झीजच नव्या शाफ्टवर उतरते. म्हणून व्यास बेअरिंगच्या क्रमांकावरून किंवा न झिजलेल्या भागावरून ठरवावा.

सीएनसीकडे खर्चाची रचनाच वेगळी असते. प्रोग्राम लिहिणे, टूल लावणे आणि पहिला नग तपासणे हा सेटिंगचा खर्च एका नगासाठी आणि वीस नगांसाठी जवळपास सारखाच येतो. समजा तो ३,००० रुपये आणि प्रत्येक नगाचे मशिनिंग २०० रुपये धरले, तर एकच नग ३,२०० रुपयांना पडतो आणि वीस घेतले तर प्रत्येकी ३५०. त्यामुळे दर वर्षी लागणारे बुश, पिना आणि रोलर एकत्र करून एका लॉटमध्ये मागवणाऱ्यालाच घाटावरचे काम परवडते. पहिला नग हाती घेऊन मंजूर केल्याशिवाय उरलेल्या नगांना हात लावू नये, ही अट ऑर्डरमध्येच घालावी. ऑनलाइन दर देणाऱ्या सेवा ड्रॉइंग पूर्ण तयार असणाऱ्यांसाठी ठीक आहेत. नमुना हातात घेऊन गेलेल्याला त्यांचा उपयोग नाही.

किनाऱ्यावर सर्वात महाग पडणारी चूक मात्र मापाची नसून धातूची असते. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेस स्टील डोळ्यांना सारखेच दिसतात आणि लोहचुंबकानेही वेगळे ओळखता येत नाहीत, पण ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या पाण्यात ते अधिक टिकते. म्हणून काम कुठेही दिले, तरी हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) असलेले मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मागावे. घाटावरच्या युनिटकडे ते सहज मिळते. जवळच्या वर्कशॉपला लहान तुकडा दुकानातून आणावा लागत असल्याने अनेकदा मिळत नाही, आणि अशा वेळी प्रमाणपत्रासह बार आपणच आणून देणे श्रेयस्कर ठरते.

वेळेचा हिशेब करताना मशिनवरचे तास कमी महत्त्वाचे असतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाडा आणि हर्णै बंदरांतल्या बोटींची दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत एकवटते. त्याच काळात आंबा किंवा गगनबावडा मार्गावर दरड कोसळून घाट बंद होण्याचीही शक्यता असते. बोटीचे काम असो वा कारखान्याचे, एप्रिलमध्ये ड्रॉइंग पक्के करून मे संपण्याआधी माल हाती घेणे या एका गोष्टीने जितका वेळ वाचतो, तितका वेगवान मशिन निवडून वाचत नाही.

काही जण खरड काम (सुरुवातीची ढोबळ कापणी) जवळ आणि ग्राइंडिंग घाटावर अशी विभागणी सुचवतात. दर पाहता ती आकर्षक दिसते, पण माप चुकले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यामुळे लहान भागांसाठी मी ती सुचवणार नाही.

माल ताब्यात घेताना भाग थंड झाल्यावरच मोजावा. लेथवरून नुकताच उतरलेला ३१६ चा २५ मिमी शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे १६ मायक्रॉन जाड भरतो, म्हणजे बेअरिंगच्या जागेला दिलेल्या संपूर्ण मुभेपेक्षाही जास्त.