मायटीव्हॅक हातपंप: गिअरबॉक्स बदलल्यावर क्लच सुटत नसेल तर किती कामाचा?

जुन्या ४ गिअरच्या जीपला ५ गिअरचा बॉक्स बसवला, जुनी रॉड किंवा केबल काढून हायड्रॉलिक क्लच केला, सगळं आवळून झालं आणि पेडल पार जमिनीला टेकवूनही रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं. गॅरेजमध्ये यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "एअर आहे, एअर काढा," म्हणजे क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा अडकली आहे. पेडल मारायला दुसरा माणूस हाताशी नसतो, म्हणून मग तेल आणि हवा ओढून काढणारा मायटीव्हॅकचा हातपंप, एमव्ही ८००० किंवा त्याच घडणीचा एखादा स्वस्त संच मागवला जातो. पंप चांगला आहे. पण गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत क्लच न सुटण्याचं कारण बऱ्याचदा हवा नसतंच, आणि तिथे हा पंप रात्रभर दाबत बसलात तरी फक्त मनगट दुखतं.

संचात बंदुकीच्या घोड्यासारखा दाबायचा पंप, त्यावर पाऱ्याच्या इंचांत निर्वात दाखवणारा काटा, छोटी बाटली, पारदर्शक नळ्या, हवा सोडायच्या निपलवर घालायचे रबरी जोड आणि इंजिनच्या इतर तपासण्यांसाठी टी-जोड असं सगळं येतं. घरी आल्यावर आधी पंपच तपासा. नळीचं तोंड बोटाने बंद करून काटा २० वर न्या आणि ५ मिनिटं थांबा. काटा उतरला तर पंप किंवा बाटलीचं झाकण गळतंय. स्वस्त नकलांमध्ये झाकणाचं रबर हीच कच्ची जागा असते. समुद्रसपाटीवरही काटा २९.९ च्या पलीकडे जाऊच शकत नाही, आणि पुण्यात साधारण २८ लाच थांबतो. तेवढ्यावरून पंप परत पाठवू नका, तो दोष हवेच्या दाबाचा. क्लचला तसेही १५ ते २० पुरतात.

निपलला हात लावायच्या आधी मात्र एक पट्टी घ्या. कोणालातरी पेडल सावकाश, शेवटपर्यंत दाबायला सांगा आणि खालच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या सिलेंडरची रॉड किती मिलिमीटर सरकते ते मोजा. पंपापेक्षा ही पट्टी जास्त सांगते. पहिल्या दाबाला रॉड कमी सरकली आणि पेडल ३-४ वेळा भरभर मारल्यावर वाढली, तर हवा आहे; इथे पंप कामाचा. पेडल घट्ट, पण रॉड दर वेळी तेवढीच कमी सरकते, तर हिशेब चुकलाय, हवा नाही. पेडल दाबून धरलं आणि बाहेर कुठेही थेंब नसताना रॉड हळूहळू मागे आली, तर वरच्या, म्हणजे पेडलकडच्या सिलेंडरचा वॉशर आतल्या आत तेल सोडतोय. आणि रॉड पुरेपूर सरकूनही गिअर पडत नसेल, तर भानगड बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या आत आहे.

'हिशेब चुकलाय' यावर थोडं थांबायला हवं, कारण बदललेल्या गाड्यांत वरचा सिलेंडर एका गाडीचा आणि खालचा दुसऱ्या गाडीचा असतो. वरचा ५/८ इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) आणि त्याचा स्ट्रोक ३० मिमी धरला, तर तो साधारण ५.९ मिली तेल ढकलतो. खाली ३/४ इंचाचा सिलेंडर असेल तर रॉड २०.८ मिमी सरकेल. तिथे कोणी ७/८ इंचाचा लावला असेल तर जेमतेम १५.३ मिमी. रॉड ज्याला ढकलते त्या क्लच फोर्कचं गुणोत्तर २ ला १ असेल तर क्लच सोडवणारी बेअरिंग पहिल्या जोडीत १०.४ मिमी चालते, दुसरीत ७.६. क्लच प्लेट दाबून धरणारी डायफ्रॅम प्रेशर प्लेट पूर्ण सुटायला साधारण ८ ते १० मिमी चाल लागते. म्हणजे दुसऱ्या जोडीत हवेचा एक बुडबुडाही नसला तरी क्लच अर्धवटच सुटणार. वरचा ३/४ इंचाचा केला तर रॉड २२ मिमी सरकते, पण पेडल ४४ टक्के जड होतं. फुकट काही मिळत नाही. आणि उलट बाजूने वरचा सिलेंडर जास्तच मोठा लावून डायफ्रॅमची बोटं गरजेपेक्षा आत दाबली तर ती वाकतात, म्हणून पेडलखाली स्टॉपर हवाच.

याच हिशेबाने हवेचा त्रासही कळतो. ३/४ इंचाच्या खालच्या सिलेंडरवर १ मिली हवा राहिली तर जवळजवळ साडेतीन मिमी चाल गेली, कारण लाइनमधल्या दाबाखाली हवा दबून नाहीशी झाल्यासारखी होते. टाकी सोडली तर सगळ्या लाइनमध्ये चहाच्या अर्ध्या कपाइतकंही तेल नसतं. तिथे १ मिली ही मोठी रक्कम आहे.

हवा असल्याची खात्री झाली की पंप काढा. टाकी डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलने भरा, टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकूनही नको, वॉशर फुगून सगळं बाद होतं. निपलच्या आट्यांभोवती सिलिकॉन ग्रीसचा जाड थर लावा. जोड घालून काटा १५-२० वर न्या, निपल पाव आटा सैल करा, तेल आलं की काटा शून्यावर येण्याआधी बंद करा, पुन्हा पंप मारा. टाकी रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून. २५० मिलीचा डबा पुरतो.

इथेच हा पंप फसवतो. निपल सैल केला की हवा आट्यांमधून आत ओढली जाते आणि नळीत बारीक बुडबुड्यांची न संपणारी माळ दिसते. लोक तासभर तीच काढत बसतात. एकसारखे, मोहरीएवढे, न थांबणारे बुडबुडे म्हणजे आट्यांची हवा. मध्येच येणारा मोठा फुगा, मग नुसतं तेल, मग पुन्हा फुगा, ही लाइनमधली हवा. ग्रीस लावल्यावर माळ कमी झाली की फरक लगेच कळतो.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. खालच्या सिलेंडरचा वॉशर तेल बाहेर जाऊ नये म्हणून केलेला असतो; त्याची ओठ दाबाकडे तोंड करून असते. आतून ओढ लावली की ती ओठ मागे वळून बाहेरची हवा आत घेऊ शकते. म्हणजे हवा काढताना हवा भरतोय. इनपुट शाफ्टभोवती (गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्याभोवती) बसणाऱ्या, बेल हाउसिंगच्या आतल्या गोल सिलेंडरवर तर हा पंप शेवटचा पर्याय ठेवावा. तिथे वरून दाब देणारा ब्लीडर बरा: मोटिव्हच्या पॉवर ब्लीडरसारखी हाताने हवा भरायची टाकी, १० ते १५ पीएसआयवर. त्याची अडचण वेगळी, तुमच्या तेलटाकीला बसणारं झाकण मिळायला हवं, आणि जोडकामाच्या गाडीत टाकी कोणत्या गाडीची आहे हेच कोणाला सांगता येत नाही. झाकण नीट बसलं नाही तर तेल बोनेटभर उडतं आणि रंग सोलतं. तो गोल सिलेंडर गिअरबॉक्स जागेवर नसताना पेडल मारून बघू नका, पिस्टन बाहेर उडतो.

बाहेर बसवलेल्या सिलेंडरसाठी खरं तर मेडिकलच्या दुकानातली ६० मिलीची सिरिंज या पंपाच्या तोडीस तोड आहे. हवा वर जायला बघते, मग तिला वरच जाऊ द्या: सिरिंजमध्ये तेल भरून, नळीतली हवा आधी काढून, खालच्या निपलमधून सावकाश वर ढकला. टाकी उतू जाणार नाही एवढंच पाहा. तरी बुडबुडा अडला असेल तर सिलेंडर बसवलाय कसा ते बघा. नव्या ब्रॅकेटवर निपल खाली तोंड करून आला असेल तर कुठलाच पंप उपयोगाचा नाही. सिलेंडरचे बोल्ट काढा, निपल वर धरा, रॉड हाताने तळापर्यंत दाबा आणि हळू सोडा, ५-६ वेळा. लटकत्या सिलेंडरवर पेडल कोणी मारणार नाही याची काळजी घ्या.

वरच्या सिलेंडरच्या रॉडला १ ते २ मिमी मोकळी चाल ठेवा. ती नसली तर तेल टाकीत परत जायचं छिद्र झाकलं जातं, इंजिन तापल्यावर लाइनमध्ये दाब राहतो आणि चढावर क्लच घसरायला लागतो. आणि पेडल दाबताना फायरवॉलचा पत्रा हलतो का तेही पाहा. जिथे मुळात सिलेंडर नव्हता तिथला पत्रा पातळ असतो, २ मिमी तो वाकला तर ते २ मिमी स्ट्रोकमधून गेले. मागून ३ मिमीची प्लेट लावली की पेडल बदलल्यासारखं वाटतं.

रॉड पुरेशी सरकतेय आणि तरी क्लच सुटत नाही, तर गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा. आधी एक खात्री: इंजिन बंद, मागची चाकं उचललेली आणि जॅकऐवजी स्टँडवर टेकवलेली, गिअर टाकलेला, पेडल दाबलेलं, आणि कोणीतरी प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवायचा. फिरला नाही तर क्लच प्लेट उलटी बसली आहे का, हबचे खाचे इनपुट शाफ्टवर बोटाने ढकलून सरकतात का, शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारा पायलट बुश नव्या शाफ्टला घट्ट होतोय का, हे तिन्ही पाहा. फ्लायव्हील लेथवर उतरवलं असेल तर जितका माल काढला तितकी प्रेशर प्लेट फोर्कपासून लांब गेली, म्हणजे बेअरिंगची तेवढी चाल वाया. इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स जोडायला अडॅप्टर प्लेट लावली असेल तर डायल गेजने बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकशी एका केंद्रात आहे का ते मोजा. गिअरबॉक्स बनवणारी ट्रेमेक कंपनी आपल्या गिअरबॉक्ससाठी ०.००५ इंचाच्या आत मागते, आणि इतरांनीही तोच आकडा धरायला हरकत नाही.

पंप विकत घेतलाच असेल तर वापरून झाल्यावर बाटली आणि नळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. बाटली निम्मी भरली की रिकामी करत जा. तेल पंपाच्या आत शिरलं की घोडा दाबला जातो पण काटा हलत नाही, आणि मग लोक म्हणतात पंप महिन्यात गेला.